गाण्याच्या खोलीचे दार

डिसेंबरच्या मध्यास चेन्नई शहरात मार्गळी महिना लागतो. तमिळ पंचांगातील हा महिना आपल्याकडील मार्गशीर्ष-पौषाच्या सांध्यावर येतो, आणि त्या दिवसांत या शहराला गाण्याचे अक्षरशः भरते येते. मैलापुरात कपालीश्वराच्या देवळाभोवतालच्या रस्त्यांवरून पहाटे भजनी मंडळी हिंडतात. दुपारपासून रात्रीपर्यंत ठिकठिकाणच्या सभागृहांतून मैफली चालतात. १९२८ साली स्थापन झालेल्या म्युझिक अकादमीत तर सकाळपासूनच जाणकारांची रीघ लागलेली असते. गाणे ऐकण्यास याहून चांगले शहर शोधून सापडावयाचे नाही. परंतु तेच गाणे टिपून ठेवावयाचे, म्हणजे घरात बसून त्याचे ध्वनिमुद्रण करावयाचे म्हटले, की हेच शहर वैरी होऊन बसते. पहाटे कावळे आणि दूधवाले, मागोमाग शेजारच्या स्वयंपाकघरातील कुकरच्या शिट्ट्या, मग पाण्याचे टँकर, रिक्षांचे कर्णे, उपनगरी गाड्यांची घरघर आणि डोक्यावरून मीनंबाक्कमच्या विमानतळाकडे उतरणारी विमाने! तंबोऱ्याचा षड्ज लागतो न लागतो तोच खिडकीखालून भाजीवाल्याची आरोळी उठते, आणि घेतलेली तान वाया जाते.

तरीही घरात ध्वनिमुद्रणाची खोली असावी ही हौस, किंबहुना गरज, या शहराला जुनी आहे. कोडंबाक्कम हा तेथील चित्रपटसृष्टीचा प्रसिद्ध मोहल्ला. एकेकाळी तेथे ध्वनिमुद्रण म्हणजे मोठ्या स्टुडिओंचे काम होते. १९८९ साली ए. आर. रहमान यांनी याच भागात आपल्या घराच्या आवारात ‘पंचतन रेकॉर्ड इन’ नावाचे छोटे ध्वनिमुद्रणगृह उभारले. १९९२ सालच्या ‘रोजा’ या चित्रपटाच्या संगीताने या घरगुती खोलीचे नाव देशभर झाले. त्यानंतर यंत्रे लहान होत गेली, स्वस्त होत गेली, आणि वडपळनी, सालिग्रामम यांसारख्या वस्त्यांत घराच्या वरच्या मजल्यावर एखादी खोली ‘बंद’ करून काम करणारे गायक, वादक, आवाज देणारे कलावंत वाढले. २०२० सालच्या टाळेबंदीने तर ज्यांची इच्छा नव्हती त्यांनाही घरातच बसून, रजया टांगून, आवाज मुद्रित करावयास लावले. त्यांपैकी कित्येकांनी पुढे ती सोय कायम केली.

अशा खोलीचा खर्च कसा होतो ते पाहण्यासारखे असते. पहिला पैसा मायक्रोफोनवर, दुसरा संगणकावर, तिसरा भिंतींना लावावयाच्या मऊ तक्त्यांवर. उरलेल्या पैशांत सुताराला बोलावून दार बसवून घेतात. वस्तुतः खोलीतील सर्वांत अवघड वस्तू हे दारच होय. भिंत एकच काम करते. ती उभी राहते. दाराला मात्र दोन परस्परविरोधी कामे करावयाची असतात. ते बंद असताना भिंतीसारखे असावे लागते आणि हवे तेव्हा क्षणात नाहीसे व्हावे लागते. आवाजाच्या दृष्टीने पाहिले तर पहिले काम महत्त्वाचे वाटते. आगीच्या दृष्टीने पाहिले म्हणजे दुसऱ्याचे महत्त्व कळते, आणि पहिल्याचेही निराळ्या अर्थाने कळते.

प्रथम आवाजाचा हिशेब पाहू. आवाज मोजण्याचे माप डेसिबेल. त्याची रीत साध्या बेरजेची नव्हे. दहा डेसिबेल कमी म्हणजे ध्वनीची शक्ती एकदशांश, वीस म्हणजे एकशतांश, तीस म्हणजे एकसहस्रांश. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत पन्नास डेसिबेलच्या आसपास आवाज अडवते. म्हणजे पलीकडे जाते ती शक्ती एक लक्षांश. आता अशा बारा चौरस मीटर भिंतीत नेहमीच्या मापाचे, सुमारे दोन मीटर उंच आणि नव्वद सेंटिमीटर रुंद असे, पंचवीस डेसिबेल अडवणारे दार बसवले, तर सबंध भिंतीची किंमत तेहतीस डेसिबेलवर येते. भिंतीवर केलेला सगळा खर्च त्या एका दारातून वाहून जातो. तेच दार चाळीस डेसिबेलचे असेल तर भिंत शेहेचाळीसवर टिकते. यावरून पैसा कोठे घालावयाचा ते सांगावयास नको.

मग दार जाड करावे काय? जाडी हवी हे खरे. बाजारात मिळणारे पोकळ फ्लश दार हे आवाजाच्या बाबतीत पडद्याहून थोडेसेच बरे. आतून भरीव असलेले ४४ मिलिमीटर जाडीचे लाकडी दार पन्नास-साठ किलो वजनाचे भरते आणि ते या कामाला पात्र ठरते. परंतु वजन दुप्पट केल्याने फायदा होतो तो पाच-सहा डेसिबेलचा. याउलट फट ठेवल्याने होणारे नुकसान पाहावे. दाराच्या चारी बाजूंना तीन मिलिमीटर फट राहिली, म्हणजे जेमतेम एक जाड पुठ्ठा सरकेल इतकी, तर त्या फटीचे एकूण क्षेत्रफळ दाराच्या सुमारे एकशतांश होते. दारावर पडणाऱ्या आवाजाचा एकशतांश भाग मग सरळ चालत आत येतो, आणि दार लाकडाचे असो, पोलादाचे असो की दगडाचे असो, त्याची किंमत वीस डेसिबेलच्या वर जाऊच शकत नाही. शंभर किलोचे दार आणि तीन मिलिमीटरची फट हा व्यवहार म्हणजे तळ फुटलेल्या रांजणाला चांदीचे झाकण घालण्यासारखा आहे.

म्हणून चांगले दार विकत घ्यावयाचे म्हणजे केवळ फळी विकत घ्यावयाची नव्हे. फळी, चौकट, बिजागऱ्या, कुलूप, रबरी पट्ट्या आणि खालची बंद करणारी योजना या सर्वांचा एक संच विकत घ्यावयाचा असतो, आणि त्या संचाची एकत्र चाचणी झालेली असावी लागते. विक्रेता दाराचा ध्वनिरोध अंक सांगतो तेव्हा तो नुसत्या फळीचा की बसवलेल्या दाराचा, हा पहिला प्रश्न विचारावा. दुसरा प्रश्न वाद्याप्रमाणे बदलतो. ध्वनिरोधाचा प्रचलित अंक सुमारे शंभर-सव्वाशे कंपनसंख्येच्या खालच्या स्वरांचा विचारच करीत नाही. वीणा वाजविणाऱ्याला त्याची फारशी फिकीर नाही. त्याला बाहेरचे जग बाहेर ठेवावयाचे असते. परंतु तवील किंवा ड्रम वाजविणाऱ्याला आपलाच धुमारा शेजाऱ्याच्या घरात जाऊ द्यावयाचा नसतो, आणि तो धुमारा नेमका या अंकाच्या खाली राहतो. अशा ठिकाणी एका दाराने भागत नाही. दोन दारे आणि मध्ये एक लहानसा बोळ, अशी जी योजना नभोवाणीच्या स्टुडिओंतून असते तीच घरातही करावी लागते. जागा थोडी जाते, पण एका अवजड दारापेक्षा दोन बेताची दारे अधिक काम करतात आणि एक उघडे असताना दुसरे बंद राहते.

खालच्या फटीबद्दल दोन शब्द अधिक बोलावयास हवेत. जुन्या मराठी घरांना उंबरठा असे. त्यावर हळदकुंकू वाहत, संध्याकाळी त्यावर बसू नये म्हणत. ध्वनिशास्त्र शिकलेल्या इंजिनियराला आज नेमका तोच उंबरठा हवा असतो. कारण दाराचा खालचा काठ टेकवावयास काहीतरी ठाम वस्तू पाहिजे. नव्या सदनिकांतून उंबरठा गेला, फरशी सलग झाली, आणि दाराखाली बोटभर मोकळीक राहू लागली. उंबरठा घालणे शक्य नसेल तर दाराच्या पोटात बसवलेली, दार लागताच आपोआप फरशीवर उतरणारी रबरी पट्टी मिळते. ती चांगली असते. मात्र तिच्याखालची फरशी सपाट हवी. दोन फरश्यांमधील खोलगट दर्जेतूनसुद्धा आवाज शिरतो.

आता आगीकडे वळू. चेन्नईला आग काही अपरिचित नाही. माउंट रोडवरील आयुर्विमा महामंडळाच्या उंच इमारतीला १९७५ साली आग लागली होती. १९८५ साली तेथील प्रसिद्ध मूर मार्केट जळाले. २०१७ साली तियागराजनगरातील एक बहुमजली कापडदुकान एक दिवसाहून अधिक काळ जळत राहिले आणि शेवटी इमारत पाडून टाकावी लागली. घरगुती ध्वनिमुद्रणाची खोली या मोठ्या इमारतींच्या मानाने अगदी चिमुकली. पण तिच्यात आगीला लागणारे सर्व साहित्य एकत्र आलेले असते. यंत्रे तासन्‌तास चालू असतात, वीज गेली तर काम अडू नये म्हणून बॅटऱ्या ठेवलेल्या असतात, थंड हवेचे यंत्र अहोरात्र चालते, एकाच खटक्यावर पाच-सहा तारा लोंबत असतात, आणि भिंतींवर चढवलेला असतो तो फोम.

या फोमची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात वेस्ट वॉरविक नावाचे गाव आहे. तेथे ‘द स्टेशन’ नावाचे एक संगीतगृह होते. आवाजाबद्दल शेजाऱ्यांची तक्रार आली म्हणून मालकांनी व्यासपीठाभोवतालच्या भिंतींना पॉलियुरेथेन फोमचे तक्ते लावले. २० फेब्रुवारी २००३ च्या रात्री वादकांनी उडवलेल्या शोभेच्या दारूची ठिणगी त्या फोमला लागली. दोन मिनिटांच्या आत पुढच्या दरवाज्यात माणसांचा असा खच पडला की कोणालाच बाहेर निघता येईना. त्या रात्रीने शंभर माणसे नेली. दहा वर्षांनी, २७ जानेवारी २०१३ रोजी, ब्राझीलमधील सांता मारिया शहरात ‘किस’ नावाच्या नृत्यगृहात जवळजवळ तोच प्रकार घडला. तोच छताचा फोम, तीच ठिणगी, आणि मृत्यू २४२. यांतील बहुतेक माणसे ज्वाळेने नव्हे तर त्या फोमच्या विषारी धुराने दगावली. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भिंतीला लावलेला मऊ फोम आवाज अडवीत नाहीच. तो खोलीतल्या खोलीतील घुमारा तेवढा कमी करतो. शेजाऱ्याकडे जाणारा आवाज अडवण्यास लागते वजन आणि फटींचा अभाव. म्हणजे ज्या कामासाठी तो लावला त्या कामाचा तो नव्हता. घुमारा कमी करण्यासाठी काचतंतूंची किंवा खनिज तंतूंची लोकर कापडात भरून लावावी. ती जळत नाही, आणि तिच्यावरचे कापडही न पेटणारे निवडता येते.

अग्निरोधक दार म्हणजे काय, याविषयी बाजारात बराच घोटाळा आहे. कोणतेही दार ‘आग लागत नाही’ अशा अर्थाने अग्निरोधक नसते. एका ठरावीक भट्टीत ते बसवून तापवले जाते. भट्टीचे तापमान अर्ध्या तासात ८४० अंश सेल्सियसवर, एका तासात ९४५ अंशांवर आणि दोन तासांत १०५० अंशांच्या जवळ नेतात. त्या वेळात दाराला भोक पडले नाही, पलीकडे ज्वाळा गेली नाही, तर ते तितक्या मिनिटांचे दार. आपल्या देशात या दारांसाठी भारतीय मानक ३६१४ आहे. परंतु याच चाचणीत आणखी एक कसोटी असते, आणि विक्रेते तिचा उल्लेख क्वचितच करतात. ती म्हणजे उष्णता. थंड बाजूचे तापमान सरासरीने १४० अंशांहून आणि कोणत्याही एका जागी १८० अंशांहून अधिक वाढू नये. पोकळ पोलादी दार दोन तास ज्वाळा अडवून धरील, परंतु थोड्याच वेळात स्वतः तव्यासारखे तापेल; त्याच्याजवळून जाणे अशक्य होईल. ‘दोन तासांचे दार’ असे कोणी सांगितले की ते कोणत्या दोन तासांचे, ज्वाळेच्या की उष्णतेच्याही, हे कागदावर पाहावे. तसे पोलादी दार आवाजालाही बरे नाही. आत कागदी जाळी भरलेले असेल तर ते डब्यासारखे वाजते. खनिज लोकर भरलेले असेल तर पुष्कळ सुधारते.

लाकूड मात्र आपल्या कल्पनेहून शहाणे असते. जाड लाकूड जळू लागले की त्याच्यावर कोळशाचा थर चढतो आणि तोच थर आतील लाकडाचे रक्षण करतो. साधारणतः मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर, इतक्याच वेगाने आग आत शिरते. म्हणूनच ४४ मिलिमीटरचे भरीव दार, बाकी सर्व जमवाजमव ठीक असेल तर, अर्ध्या तासाचे होऊ शकते आणि ५४ मिलिमीटरच्या आसपासचे तासाभराचे. जाडी आणि वजन हे आवाजालाही हवे आणि आगीलाही हवे. येथवर दोन्ही विद्यांचे एकमत आहे.

त्यांचे खरे नाते मात्र फटीत आहे. आवाज आणि धूर एकाच वाटेने चालतात. ज्या तीन मिलिमीटरच्या फटीतून रिक्षाचा कर्णा आत येतो त्याच फटीतून धूरही येतो. अग्निरोधक दाराच्या काठांत एक विशिष्ट पट्टी बसवलेली असते. दोनशे अंशांच्या आसपास तापली की ती कणकेसारखी फुगते आणि फट बुजवून टाकते. परंतु आगीच्या आरंभी धूर तितका तापलेला नसतो. तो थंड धूर त्या पट्टीला न जागवता खुशाल आत शिरतो आणि झोपेत किंवा गाण्यात असलेल्या माणसाला गाठतो. त्या पहिल्या काही मिनिटांत उपयोगी पडते ती ध्वनिरोधासाठी लावलेली रबरी पट्टी. पुढे उष्णता वाढून ती वितळते, आणि तोवर फुगणारी पट्टी आपले काम हाती घेते. दोन पट्ट्यांनी पाळीपाळीने पहारा करावा, असा हा प्रकार आहे. आज दोन्ही गुण असलेल्या एकत्र पट्ट्याही मिळतात.

हे सर्व वाचून एखाद्याला वाटेल की मग दोन्ही दारांत भांडण कसले? भांडण आहे, आणि ते सुताराच्या पटाशीपासून सुरू होते. प्रमाणपत्र असलेले अग्निरोधक दार घरी येते. मालकाला ते अधिक घट्ट हवे असते. सुतार काठात नवी खाच पाडतो, तीत जाड रबर भरतो, मधोमध भोक पाडून काच बसवतो. त्या क्षणी ते प्रमाणपत्र रद्दी होते, कारण चाचणी झाली ती या दाराची नव्हे. जाड रबरामुळे दार लावावयास जोर लागतो. ते आपोआप लावणाऱ्या यंत्राला तेवढा जोर नसतो. दार बोटभर उघडे राहते, खिट्टी पडत नाही. खिट्टी न पडलेले अग्निरोधक दार आगीच्या पहिल्याच दाबाने उघडते. आणि दार लावणे जड जाते म्हणून घरातील मंडळी दिवसभर ते पाचर ठोकून उघडे ठेवतात, कधी वीट लावून, कधी चक्क गॅसचे रिकामे सिलिंडर लावून. म्हणून रबराच्या पट्ट्या, कुलूप, काच आणि बंद करणारे यंत्र, हे सर्व कारखान्यातूनच एकत्र बसून यावे. चौकट आणि भिंत यांमधील जागा सिमेंटच्या मालाने ठासून भरून घ्यावी. बसवणारे कारागीर घाईने तेथे पिवळा फोम फवारतात. तो साधा फोम आवाजही नीट अडवीत नाही आणि आगही अडवीत नाही. अशा जागी आगीला टिकणारा असा चाचणी झालेला फोमच वापरावा, नाहीतर सिमेंट. तारा नेण्यासाठी दाराशेजारी पाडलेल्या भोकालाही हाच न्याय. तळहाताएवढ्या त्या भोकाने लाखाच्या दाराची अब्रू जाते.

तथापि सर्वांत मोठे भांडण आणखी पुढे आहे. आवाज बाहेर ठेवावयाचा म्हणून घरमालक खोलीच्या खिडक्या विटांनी बुजवतो. उरलेल्या खिडकीला चोराच्या भीतीने लोखंडी गज असतात. महागड्या यंत्रांमुळे दाराला आतून-बाहेरून किल्लीचे कुलूप बसते. अशा रीतीने बाहेर पडावयाची एकच वाट उरते आणि तीही किल्लीवर. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गेली. आग खाली वाहनतळात लागली होती. धूर वर बाल्कनीत चढला, आणि बाल्कनीतून बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या. त्या माणसांना ज्वाळेने गाठले नाही. त्यांना गाठले ते न उघडलेल्या दाराने. गाण्याच्या खोलीचे कुलूप आतून किल्लीवाचून, एका हाताने, एका हालचालीत उघडले पाहिजे, ही अट दाराच्या बाकी सर्व गुणांच्या वर ठेवावी. चोराची भीती असेल तर बाहेरून हवे तितके मजबूत कुलूप घालावे. दार बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे. आत उघडणाऱ्या दारापुढे एखादा मायक्रोफोनचा तिवई-दांडा आडवा पडला तरी वाट बंद होते. एक खिडकी तरी दुहेरी काचेची, उघडणारी आणि आतून सोडवता येणाऱ्या गजांची ठेवावी. आवाजाचे चार डेसिबेल गेले तर जाऊ द्यावेत.

याहूनही विचित्र एक गोष्ट आहे, आणि ती या खोलीच्या यशातूनच निर्माण होते. घराच्या जिन्यात धुराची सूचना देणारी घंटा बसवलेली आहे असे समजा. तीन मीटरवर ती ८५ डेसिबेलने ओरडते. गाण्याच्या खोलीचे दार उत्तम, ४५ डेसिबेलचे. आत पोहोचते ते ४० डेसिबेल, म्हणजे शांत वाचनालयातील कुजबुज. गायकाच्या कानांवर श्रवणयंत्र, त्यात तंबोरा आणि मृदंगम्‌, आणि तो स्वतः गात असतो. घंटेचा आवाज त्याला ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. जिने, स्वयंपाकघर, शेजार, सारे धुराने भरले तरी त्याला पत्ता लागत नाही. जितके दार चांगले तितका आतला माणूस बहिरा. म्हणून अशा खोलीत दोन गोष्टी दाराबरोबरच विकत घ्याव्यात. आतील आणि बाहेरील धूरसूचक एकमेकांना जोडलेले असावेत, आणि आत घंटेबरोबर डोळ्यांना दिसणारा लुकलुकणारा दिवा असावा. ध्वनिमुद्रण चालू आहे, आत येऊ नये, असे सांगणारा तांबडा दिवा स्टुडिओच्या दाराबाहेर लावण्याची पद्धत जुनीच आहे. घरगुती खोलीत तसाच एक दिवा आत तोंड करून लावावा. आता बाहेर यावे, असे तो सांगेल. दारात आगीला टिकणाऱ्या काचेचा अरुंद झरोका कारखान्यातूनच बसवून घेतला तर बाहेरच्या माणसाला हात हालवून बोलावता येते. आतल्यालाही बाहेरचा धूर दिसतो.

मग अर्ध्या तासाचे दार घ्यावे की तासाभराचे? एकट्या घराला याबाबत कायद्याची तितकी सक्ती नसते, म्हणून हा निर्णय घरमालकाच्या विवेकावर येतो. खोलीचे दार घरातल्याच दिवाणखान्यात उघडत असेल आणि तेथून थेट रस्त्यावर जाता येत असेल, तर अर्ध्या तासाचे भरीव लाकडी दार पुरेसे मानावे; उरलेला पैसा पट्ट्यांवर आणि धूरसूचकांवर घालावा. तेच दार अनेक बिऱ्हाडांच्या सामाईक जिन्यावर उघडत असेल तर तासाभराचे घ्यावे. तेथे ते दार केवळ गायकाचे राहत नाही. खोलीतील आग जिन्यात जाऊ नये, ही वरच्या मजल्यावरील म्हाताऱ्या माणसांची आणि मुलांची गरज असते. तवील किंवा ड्रम वाजवणाऱ्याने एक तासाचे एकच अवजड दार घेण्याऐवजी अर्ध्या तासाची दोन घ्यावीत. मधल्या बोळाला लोकर लावावी, आणि त्या बोळात जुनी खोकी, चपला, छत्र्या ठेवण्याचा मोह टाळावा. हा मोह मराठी घरात आवरणे कठीण, आणि तमिळ घरातही सोपे नसावे.

चेन्नईच्या हवेची मात्र वेगळी दखल घ्यावी लागते. तेथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्येकडून येतो. त्या दिवसांत लाकूड फुगते, दार चौकटीला घासू लागते, आणि घरची मंडळी सुताराला बोलावून काठ रंधून घेतात. पुढे मे महिन्यात, ज्याला तेथे अग्निनक्षत्र म्हणतात त्या कडक उन्हात, तेच लाकूड सुकते आणि रंधलेल्या जागी फट उघडी पडते. पावसाळ्यात काढलेली ती कपची उन्हाळ्यात आवाजालाही वाट देते आणि धुरालाही. शिवाय अग्निरोधक दाराचा काठ मन मानेल तितका रंधता येत नाही. आतील थर उघडा पडतो. म्हणून दार निवडतानाच सर्व बाजूंनी, वरच्या-खालच्या काठांसह, रंग किंवा रोगण दिलेले घ्यावे. समुद्राची खारी हवा बिजागऱ्यांना लागते, तेव्हा त्या गंज न चढणाऱ्या पोलादाच्या आणि किमान तीन, जड दाराला चार असाव्यात. उष्णतेने रबरी पट्ट्या काही वर्षांत कडक होतात. त्या बदलता येतील अशा खाचेत बसवलेल्या हव्यात, चिकटवलेल्या नकोत.

दार बसले की त्याची परीक्षा रात्री घ्यावी. खोलीत मोठा दिवा लावून बाहेरचे सर्व दिवे बंद करावेत आणि चौकटीभोवती फिरून पाहावे. जेथे प्रकाशाची रेघ दिसेल तेथे आवाज आणि धूर दोन्ही जातात. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि ती ओढावी; चारी बाजूंना ती सारखीच घट्ट धरली गेली पाहिजे. दार अर्धवट उघडून सोडून द्यावे. ते आपले आपण येऊन खिट्टी पडल्याचा आवाज झाला पाहिजे. शेवटी गायकाला कानांवर श्रवणयंत्रे लावून आत बसवावे, घरच्या कोणीतरी बाहेरचा धूरसूचक दाबून वाजवावा आणि आतील दिवा लुकलुकला की घरचा मुख्य खटका बंद करावा. आता अंधारात, चाचपडत, दोन्ही दारे ओलांडून गायकाला जिन्यापर्यंत येऊ द्यावे. त्याला किल्ली शोधावी लागली, किंवा कडी काढण्यास दुसरा हात लागला, तर पहिले गाणे मुद्रित करण्यापूर्वी ते कुलूप बदलून घ्यावे.